दहा मीटरवर पारखून घेतलेली पन्नास मीटरची रायफल

गेल्या हिवाळ्यात मी एक जुनी, परदेशी बनावटीची पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल १ लाख ३५ हजार रुपयांना विकत घेतली आणि त्या व्यवहारात पुरता फसलो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफल शोधणाऱ्या आपल्या भागातील कोणावरही ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

मी सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी करतो. दहा मीटरचा सराव अनेक वर्षांचा आहे. पन्नास मीटरपर्यंतच्या फील्ड टार्गेट प्रकारात उतरावे, असे दोन वर्षांपासून मनात होते. या प्रकारात रायफलची ऊर्जा १२ फूट-पौंड, म्हणजे १६.३ ज्यूलपेक्षा जास्त चालत नाही आणि छर्रा ज्यातून जायला हवा ते सर्वांत दूरच्या लक्ष्याचे छिद्र ४० मिलिमीटरचे असते. त्यामुळे इथे जोरापेक्षा सारखेपणाला महत्त्व आहे: पहिला छर्रा ज्या वेगाने सुटला, त्याच वेगाने तिसावाही सुटला पाहिजे. हे काम रेग्युलेटर करतो. सिलिंडरमधील दाब २०० बार असो की १२०, झडपेपर्यंत तो ठरावीक दाबाचीच हवा पोहोचू देतो.

विक्रेते वयाने मोठे, जुने नेमबाज म्हणून ओळख करून दिलेले, शेजारच्या तालुक्यातील गृहस्थ होते. रेग्युलेटर बसवलेला आहे का, असे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा ‘कंपनीचाच आहे’ असे उत्तर मिळाले. पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असा एक कागद त्यांनी दाखवला आणि तो पन्नास मीटरचा असल्याचे सांगितले. कागदावर अंतर लिहिलेले नव्हते, तारीखही नव्हती. वेग सेकंदाला ३०५ मीटर असल्याचेही ते अभिमानाने सांगत होते. हा आकडा मोठा वाटतो, पण तो सुमारे ०.३४ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्र्यावर घेतलेला असतो. स्पर्धेत वापरतात तो ०.५४७ ग्रॅमचा शिशाचा छर्रा तेवढ्याच ऊर्जेने सेकंदाला २४० मीटरच जातो. मात्र हलका छर्रा लवकर मंदावतो आणि वाऱ्याने जास्त वाहतो. हे मला ठाऊक होते, तरी त्या क्षणी मी बोललो नाही, याची खंत आजही आहे.

चाचणी त्यांच्या परड्यात झाली. भिंतीपर्यंतचे अंतर जेमतेम दहा मीटर होते. दाबमापकाचा काटा १६० वर होता. ‘जुन्या सिलिंडरला उगाच ताण कशाला द्यायचा, साहेब,’ असे ते म्हणाले. मी आठ छर्रे झाडले, सगळे एकाच भोकात गेले. ‘आपल्याच भागातले आहात, तुम्हाला फसवून मी जाणार कुठे?’ हे त्यांचे वाक्य ऐकून मी पैसे मोजले.

पुढच्या रविवारी तासगावजवळ मामेभावाच्या द्राक्षबागेमागे, मातीच्या उंच बांधासमोर पन्नास मीटर मोजून कागद लावला. सिलिंडर २०० बारपर्यंत भरला आणि एकाच बिंदूवर नेम धरून तीस छर्रे झाडले. कागद जवळ जाऊन पाहिला, तेव्हा भोकांची उभी रांग होती. पहिले छर्रे खाली, मधले वर, शेवटचे पुन्हा खाली. वाऱ्याने छर्रा आडवा सरकतो. उभी रांग वेग बदलल्याचीच खूण असते. एका मित्राचा क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणारे यंत्र, आणून मोजले, तर वेग सेकंदाला २२६ मीटरपासून सुरू होऊन २४१ पर्यंत चढला आणि २२४ वर उतरला.

रेग्युलेटर नसलेल्या रायफलची हीच चाल असते. दाब फार असतो तेव्हा झडपेवर आपटणाऱ्या आतल्या हातोडीला ती पुरेशी उघडता येत नाही, म्हणून वेग कमी राहतो. दाब उतरला की वेग वाढतो आणि आणखी उतरला की पुन्हा घटतो. मधल्या टप्प्यात काही छर्रे सारखे जातात. १६० बारचा आग्रह नेमका त्यासाठीच होता. दहा मीटरवर या वेगफरकाने छर्रा दीड मिलिमीटरही खाली-वर होत नाही, आणि छर्र्याचे भोकच साडेचार मिलिमीटरचे असते. मग तो फरक डोळ्यांना दिसणार कसा? पन्नास मीटरवर तोच फरक साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जातो. ४० मिलिमीटरच्या छिद्रासाठी अशी रायफल निरुपयोगी आहे.

दुरुस्ती करणाऱ्याने ती माझ्यासमोर उघडली. रेग्युलेटरच्या जागी लेथवर कातलेला ॲल्युमिनियमचा पोकळ तुकडा बसवलेला होता. त्याहून गंभीर गोष्ट सिलिंडरवरील कंपनीच्या चिकटपट्टीखाली निघाली: २०११ हे निर्मितीचे वर्ष तिथे कोरलेले होते. या कंपनीने सिलिंडरला दहा वर्षांचीच मुदत दिलेली आहे. २०० बार म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे ९० पट दाब, आणि मुदत संपलेले ते भांडे मी त्या रविवारी चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरले होते. पैसे गेल्याचे दुःख एकीकडे; पण ही तारीख झाकणाऱ्या माणसाला मी क्षमा करू शकत नाही.

फोन केला, तेव्हा आधी माझ्या हाताला दोष दिला गेला, नंतर वाऱ्याला, आणि शेवटी ‘जुनी वस्तू तुम्ही पाहूनच घेतलीत’ असे ऐकवून फोन बंद झाला. पावतीवर ‘एअर रायफल, जुनी, १ नग’ एवढेच लिहिलेले होते. रेग्युलेटर आणि सिलिंडरचे वर्ष हे दोन शब्द मी लिहून घेतले असते, तर हातात काहीतरी राहिले असते.

जोर वाढवून देतो असे कोणी सांगितले, तर तिथूनच परत फिरावे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूल यांच्या आतील एअर रायफललाच परवान्यातून सूट आहे. त्यापुढे गेलेली रायफल विनापरवाना बाळगणे हा गुन्हा ठरतो. खरेदीपूर्वी पूर्ण भरलेल्या सिलिंडरवर, मोजलेल्या पन्नास मीटरवर, स्वतःच्या छर्र्यांनी सलग तीस वेळा नेम मारू द्यावा, अशी अट घालावी. विक्रेत्याने त्याला नकार दिला, तर उत्तर तिथेच मिळाले असे समजावे.

तो सिलिंडर हवा पूर्ण सोडून मी कपाटात ठेवला आहे. वर्ष कोठे कोरलेले असते आणि ते कसे झाकले होते, हे ज्याला प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्याला मी तो केव्हाही दाखवीन.