पन्हं, द्राक्षाचं सरबत की कोकम? सांगलीच्या उन्हाळ्यात घरी काय करावं

फेब्रुवारी सरत आला की मिरज-तासगाव भागात रस्त्याकडेला द्राक्षांच्या पाट्या लागतात. शेजारी क्रेटमध्ये सुटे मणीही विकायला असतात. घड भरताना देठावरून निसटलेले, दिसायला जरा कमी, पण गोडीला घडाइतकेच. ते स्वस्त मिळतात, म्हणून यंदा सरबत करून बाटल्या भरून ठेवूया असं बऱ्याच घरांत ठरतं. तोवर बाजारात कैऱ्या येतात, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं करायचं असतं, आणि घाटाखालून आलेलं आमसूल तर किराणा दुकानात बारा महिने असतंच. करावंसं सगळंच वाटतं. पण फ्रीजमधली जागा ठरलेली असते आणि उन्हाळ्यात गॅसपुढे उभं राहायची हौस कुणालाच नसते. मग मेहनत नेमकी कशावर घ्यायची?

माझं मत आधीच सांगते. साठवून उन्हाळाभर प्यायचं असेल तर पन्हं करा. द्राक्षाचं सरबत जरूर करा, पण त्या दिवशी संपेल एवढंच. कोकम ज्यांना पन्ह्याची जड गोडी नको त्यांच्यासाठी, आणि लिंबू अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी.

असं म्हणण्याचं कारण फळाच्या आंबटपणात आहे. फळ गोड असलं म्हणजे सरबत चांगलं होतं असं आपण धरून चालतो, पण फळ पाणी किती पेलेल हे त्याच्या आंबटपणावर ठरतं. खाण्याजोगं पिकलेलं द्राक्ष घ्या. त्यात साखर १८ ते २० टक्के असते आणि आम्ल जेमतेम अर्धा टक्का. रसात तेवढंच पाणी घातलं की आंबटपणा निम्मा होतो आणि हातात उरतं ते गुळचट पाणी. गावठी कैरीत आम्ल अडीच-तीन टक्क्यांच्या घरात असतं. तिच्या वाटीभर गरात चार-पाच वाट्या पाणी घातलं तरी चव जिभेवर टिकते. कागदी लिंबू तर त्याच्याही पुढे, पाच ते सात टक्के.

हिशेब मांडला तर फरक लगेच दिसतो. किलोभर मण्यांचा गाळून सहाशे-सातशे मिली रस निघतो. त्यात थोडं पाणी आणि लिंबू घातलं की पाच पेले होतात, फार तर सहा. किलोभर कैरीतून कोय आणि साल जाऊन सहाशे ग्रॅमच्या आसपास गर मिळतो, त्याचे गूळ-पाण्यासह पंधरा ते वीस पेले होतात. म्हणजे मणी कैरीपेक्षा स्वस्त मिळाले तरी पेल्यामागे पन्हंच स्वस्त पडतं.

पन्ह्यासाठी कैरी निवडताना तोतापुरीच्या मागे लागू नका. ती कापायला सोपी आणि तिखट-मीठ लावून खायला छान, पण आंबटपणात कमी पडते. रायवळ, गावठी, कोय धरलेली पण आतून अजून पांढरी असलेली कैरी घ्या. बोटांनी दाबली तर अजिबात दबता कामा नये. घरी आणल्यावर देठाकडचा भाग कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवा. तिथून निघणारा चीक घशाला खवखवतो आणि ओठांना लागला तर पुरळही येतं. तो पाण्यात निघून जातो.

पन्हं तीन प्रकारांनी करतात. कच्ची कैरी किसून तिचं पाणी काढलं की पन्हं झटपट होतं, वासालाही ताजं असतं, पण ते त्याच दिवशी संपवावं लागतं. कैरी निखाऱ्यावर किंवा गॅसच्या आचेवर भाजली की गराला धुराचा वास लागतो. तो आवडणाऱ्याला भारी आवडतो, मात्र वेलदोडा आणि केशर त्यात हरवून जातात, म्हणून भाजलेल्या पन्ह्यात भाजलेलं जिरं आणि काळं मीठच शोभतं. आपल्याकडचं सणाचं पन्हं उकडलेल्या कैरीचं असतं आणि साठवायलाही तेच बरं. कुकरच्या भांड्यात कैऱ्या अख्ख्या ठेवून दोन शिट्ट्या पुरतात. झाकण उघडल्यावर हिरवी साल पिवळट शेवाळी झालेली दिसली की समजावं, आतपर्यंत शिजली. आम्ल आणि उष्णता मिळून सालीतला हिरवा रंग बदलून टाकतात. साल बोटाने ओढली की सरकन निघते. कोयीला चिकटलेला गर चमच्याने खरवडू नका, हाताने चोळून काढा. चमच्याने धागेही निघतात आणि मग गाळत बसावं लागतं. कैऱ्या पाण्यात बुडवून उकडल्या असतील तर ते पाणी ओतू नका. बराचसा आंबटपणा त्यात उतरलेला असतो.

गूळ गराच्या वजनाइतका घेऊन सुरुवात करावी आणि चव बघून वाढवावा. तो थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, तळाशी बारीक कचकच राहते. सांगलीच्या बाजारात गुळाला तोटा नाही, पण पन्ह्याला फिकट पिवळा गूळ न घेता जरा गडद, मऊ गूळ घ्यावा. त्याची स्वतःची चव कैरीपुढे उभी राहते. साखरेने रंग सुंदर येतो, चव मात्र सरळसोट होते. मीठ विसरू नका. घाम गाळून आलेल्या माणसाला पाण्याबरोबर मिठाचीही गरज असते, आणि चिमूटभर मिठाने आंबट-गोडही जागेवर येतं.

आता द्राक्ष. ते कमी प्रतीचं पेय आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. ताज्या मण्यांचं थंडगार सरबत ज्याने प्यायलंय त्याला बाजारचा डबाबंद रस नकोसा होतो, आणि जे फळ आपल्या जिल्ह्यात पिकतं त्याचं पेय आपल्या घरात व्हायलाच हवं. फक्त त्याच्या अडचणी ठाऊक असाव्यात.

पहिली अडचण फवारणीची. द्राक्षबागेवर औषधं मारावीच लागतात. मणी चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावेत. सालीवरचं बरंचसं निघून जातं. फुटलेले, पाणी सुटलेले मणी आधीच वेगळे काढून टाका.

दुसरी रंगाची. थॉमसन, सोनाका किंवा आपल्या तासगाव तालुक्यातच निवडून पुढे आलेला तास-ए-गणेश, या हिरव्या-पिवळ्या वाणांचा कच्चा रस मिक्सरमधून काढला की थोड्याच वेळात तपकिरी पडायला लागतो. कापलेलं सफरचंद काळं पडतं त्याचंच हे भावंड. लिंबू पिळल्याने हे लांबतं, गरम केल्याने थांबतं. मणी हाताने चुरडून मंद आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे यायला लागले, बोट बुडवता येणार नाही इतकं तापलं की चार-पाच मिनिटांत उतरवा. खळखळून उकळलं तर ताजेपणा जातो आणि मुरंब्यासारखा वास येतो. शरद सीडलेससारखं काळं द्राक्ष असेल तर असं तापवणं आणखी गरजेचं, कारण सगळा रंग सालीत असतो. नुसतं पिळून फिकट गुलाबी रस मिळतो, सालीसकट तापवला की गडद जांभळा. मग मलमलच्या फडक्यातून आपोआप गळू द्या. फार पिळलं तर सालीचा तुरटपणा उतरतो.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, साठवणीची. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट मुळातच असतं आणि रसात त्याला हवी तेवढी साखर मिळते. न तापवलेला रस बाटलीत भरून ओट्यावर ठेवला, तर आपल्या मार्च-एप्रिलच्या उकाड्यात एक-दोन दिवसांत तो फसफसायला लागतो. झाकण घट्ट असेल तर बाटली फुटू शकते. आणि मुख्य म्हणजे ते सरबत राहत नाही, त्यात मद्यार्क तयार व्हायला लागतो. लहान मुलांसाठी केलेल्या पेयाचं असं होऊ द्यायचं नसेल तर रस तापवून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत गरम असतानाच भरावा आणि गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावा. तरी तीन-चार दिवसांत संपवावा. त्या दिवसांत बाटलीच्या तळाशी बारीक काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, गारठ्यात तळाशी बसतात. वरचा रस अलगद ओतून घ्यावा.

साठवणीचा विषय निघालाच आहे तर साखरेचं गणित नीट पाहू, कारण घरगुती सिरप बिघडतात ती इथेच. तयार मिश्रणात साखर ६५ टक्क्यांच्या वर असेल तर जंतूंना वाढायला पाणीच उरत नाही आणि सिरप टिकतं. त्यासाठी एक किलो रसाला दीड ते दोन किलो साखर लागते. जीव धजत नाही म्हणून आपण ती निम्म्यावर आणतो, आणि तिथे बुरशीला वाट मिळते. ४०-४५ टक्के साखरेचं स्क्वॅश टिकवायला परिरक्षक घालावं लागतं. त्यातही लाल-जांभळ्या फळांना पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चालत नाही, रंग उडतो, तिथे सोडियम बेंझोएट वापरतात. माझा सल्ला असा, की घरासाठी करताना या भानगडीत पडूच नये. पन्ह्याचा गर साखर-गूळ न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा आणि खडे पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत. पाऊस सुरू होईपर्यंत ते उत्तम राहतात. हवे तेवढे खडे काढायचे, गूळ ज्याच्या त्याच्या पेल्यात. घरात कुणाला मधुमेह असेल तर हीच पद्धत सोयीची, कारण गोड पन्ह्याच्या एका पेल्यात तीस-चाळीस ग्रॅमपर्यंत गूळ सहज जातो.

द्राक्षरसाचे खडेही असे करता येतात. पण ते विरघळताना पेय पातळ करतात आणि पुन्हा आंबटपणाचाच प्रश्न येतो. लिंबूपाण्यात टाकायला मात्र ते फार छान लागतात.

कोकमात आपण सांगलीकर थोडे मागे आहोत. ताजे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल ते जूनमध्ये कोकणात मिळतात. त्यांच्या साली आणि साखर बरणीत थरावर थर देऊन उन्हात ठेवल्या की अमृत कोकम होतं. पाणी नाही, गॅस नाही, साखर भरपूर असल्यामुळे टिकतंही. रातांबे वर चढून आपल्यापर्यंत क्वचितच ताजे येतात. चिपळूण-रत्नागिरीकडे कुणी जाणार असेल तर चार-पाच किलो आणायला सांगा, हे सगळ्यात कमी कष्टाचं सिरप आहे. नाहीतर सुकं आमसूल. ते घेताना मीठ लावलेलं आहे का हे दुकानदाराला विचारा, आमटीचं आमसूल बऱ्याचदा खारट असतं. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून चुरायचं, गाळायचं, साखर, जिरेपूड, मीठ. रंग लालभडक आणि चव स्वच्छ. पन्हं पोटभर होतं, हे जेवणानंतरही पिता येतं. भांडं मात्र स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचंच हवं. ही तिन्ही पेयं कल्हई नसलेल्या पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये ठेवू नयेत, आम्ल धातूला खातं.

लिंबाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन मिनिटांत होतं. पाक गार झाल्यावर रस मिसळावा, रस उकळू नये, आणि बिया चिरडू नयेत, कडू होतं. उन्हाळ्यात लिंबं नेमकी महागतात, एवढीच तक्रार. आटपाडी-जतकडचं डाळिंब गोड असल्यामुळे द्राक्षाच्याच अडचणी त्यालाही आहेत, वर दाणे सोलायचं काम. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम ऊन तापायच्या आतच ओसरायला लागतो आणि घरच्या क्रशचा लाल रंग काही आठवड्यांत विटकरी होतो. हौस म्हणून ठीक.

एक गोष्ट सगळ्यांना लागू. जुलाब-उलट्या झालेल्या माणसाला यातलं काहीही ओआरएसच्या ऐवजी देऊ नका. ओआरएसच्या लिटरभर पाण्यात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच असतं, आणि सोडियम-पोटॅशियम मोजून घातलेलं असतं. आपल्या सरबतांत साखर त्याच्या कितीतरी पट असते, त्याने जुलाब वाढूही शकतात.

द्राक्षाचा हंगाम हुकला आणि तरी तीच चव हवी असेल तर बेदाणा आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो वर्षभर मिळतो. हिरव्या बेदाण्याला रंगासाठी गंधकाची धुरी दिलेली असते, म्हणून आधी कोमट पाण्याने दोनदा धुवा. मग मूठभर बेदाणे दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात वाटा, गाळा आणि अर्धं लिंबू पिळा. साखर लागत नाही.