हेलिओस ४४-२ : परभणीत नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी साडेसहा हजार रुपयांना हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स विकत घेतली आणि तेव्हापासून घरच्या, शेतातल्या व सहलींच्या छायाचित्रांसाठी बहुतेक वेळा तीच वापरली. मऊ, धूसर, स्वप्नात पाहिल्यासारखी छायाचित्रे हवीत म्हणून अशी लेन्स शोधणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण खरेदीपूर्वी मी जे वाचले होते त्यात कौतुक पुष्कळ होते आणि कामाची माहिती मात्र फारच थोडी होती.

माझ्यापुढे तीन पर्याय होते. इंडस्टार-५० ही ५० मिमी नाभीय अंतराची चपटी, बिस्किटाएवढी लेन्स सर्वांत स्वस्त होती. परंतु तिचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/३.५ पेक्षा अधिक उघडत नाही (हा आकडा लहान तितके छिद्र मोठे), त्यामुळे पार्श्वभूमी फारशी विरघळत नाही. ज्युपिटर-९ ही ८५ मिमी एफ/२ लेन्स झाइस या जर्मन कंपनीच्या सोनार रचनेवर बेतलेली असून तिच्या ॲपर्चरला ते लहान-मोठे करणारी १५ पाती आहेत, आणि पूर्ण उघडल्यावर ती खरोखरीच साऱ्या चेहऱ्यावर सायीसारखा मऊपणा पसरवते. मात्र तिचा चांगला नमुना मिळणे कठीण आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेरची. उरली हेलिओस ४४-२. ५८ मिमी, एफ/२, सहा भिंगे चार गटांत, आणि मूळ आराखडा झाइसच्या युद्धपूर्व बायोटार लेन्सचा. झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्यांसोबत ही लेन्स इतक्या मोठ्या संख्येने बाहेर पडली की आजही ती सहज मिळते.

हेलिओसच्या नावापुढचा आकडा पाहून मात्र फसू नये. ४४एम-४ पासून ४४एम-७ पर्यंतचे पुढचे प्रकार तपशील टिपण्याच्या क्षमतेनुसार क्रमांकित झालेले आहेत, म्हणजे आकडा मोठा तितकी लेन्स अधिक रेखीव. आणि ज्यांवर ‘एमसी’ असे लिहिलेले असते त्यांच्या भिंगांवर परावर्तन रोखणारे बहुस्तरीय कोटिंग असल्यामुळे कॉन्ट्रास्टही (उजळ आणि गडद यांतला फरक) वाढतो. ज्याला धूसरपणाच हवा आहे त्याने अधिक पैसे देऊन नेमका तोच घालवून घेण्यात काय हशील आहे? जुनी, साध्या कोटिंगची ४४-२ हीच या कामाला योग्य, असे माझे मत नऊ महिन्यांनंतरही कायम आहे.

मी मागवलेला पहिला नमुना परत पाठवावा लागला. विक्रेत्याने ‘काच एकदम स्वच्छ’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरल्यावर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी स्पष्ट दिसली. पैसे परत मिळाले, कुरिअरचा खर्च मात्र माझ्याच माथी बसला. दुसरा नमुना रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला आहे. त्याचा क्रमांक ७७ ने सुरू होतो, म्हणजे तो १९७७ सालचा. याच्या पात्यांवर तेलाचा पातळ थर होता, पण तो मी मनावर घेतला नाही. ४४-२ मध्ये पाती स्प्रिंगने नव्हे तर हाताने फिरतात, म्हणून तेलामुळे काही अडत नाही. ४४एमसारख्या स्वयंचलित ॲपर्चरच्या लेन्समध्ये मात्र हेच तेल पाती संथ करते.

लेन्स एम-४२ या स्क्रूच्या माउंटची (कॅमेऱ्याला जोडण्याच्या पद्धतीची) आहे आणि माझा कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, सोनी असल्याने जोडणीसाठी एक साधा अडॅप्टर पुरला. लेन्स घट्ट बसल्यावर अंतराच्या आकड्यांची पट्टी खालच्या बाजूला गेली होती. अडॅप्टरचे तीन बारीक स्क्रू सैल करून आतले कडे फिरवल्यावर ती वर आली. कॅमेऱ्यात ‘लेन्स नसतानाही शटर चालू’ हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर बटण दाबूनही काही घडत नाही आणि माणूस उगाच अडॅप्टरला दोष देत बसतो. माझ्या मामेभावाने हाच खटाटोप निकॉनच्या डीएसएलआरवर केला आणि त्याची निराशा झाली. निकॉनमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी आहे व एम-४२ ला ४५.४६ मिमी लागते. या एका मिलिमीटरपायी दूरच्या वस्तूंवर फोकस जातच नाही, आणि मध्ये भिंग असलेला अडॅप्टर घेतला तर प्रतिमा बिघडते. शिवाय त्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे हेलिओसची सगळी गंमत ज्या कडांमध्ये आहे त्याच कडा कापल्या जातात.

ती गंमत काय आहे हे आमच्या आजीच्या एका छायाचित्रावरून सांगतो. डिसेंबरमध्ये सकाळी नऊच्या सुमारास ती ओट्यावर बसली होती, मी तिच्यापासून साधारण सव्वा मीटरवर होतो आणि तिच्या मागे पाच-सहा मीटरवर कडुलिंब होता. एफ/२ वर तिचा उजवा डोळा, भुवईतले पांढरे केस आणि कुडीतला एक मोती एवढेच रेखीव आले. मागे पानांमधून झिरपणाऱ्या उन्हाचे ठिपके मध्याजवळ गोल आहेत. कोपऱ्यांकडे जाताना लेन्सच्या नळीने प्रकाशाचा काही भाग अडवल्यामुळे ते लिंबाच्या फाकेसारखे होत गेले आहेत, आणि त्या फाका तिच्या पदराभोवती रिंगण धरल्यासारख्या उभ्या आहेत. आजीने ते मोबाइलवर पाहिले आणि म्हणाली, “माझा डोळा तेवढा आलाय बघ, बाकी सगळं गरगर फिरायलंय.” हेलिओसचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

हे रिंगण दरवेळी मिळत नाही. मागे भिंत किंवा मोकळे आभाळ असेल तर काहीच घडत नाही. केळीच्या रुंद पानांनी निराशा केली, कडुलिंब आणि बाभूळ यांच्या बारीक पानांनी कधीच केली नाही. ॲपर्चर एफ/४ वर नेले की घुमणे संपते, आणि पाती आठच असल्याने गोल ठिपक्यांना कोपरे येऊ लागतात.

धूसरपणा हा निराळा गुण आहे आणि तो सूर्याच्या दिशेवर अवलंबून असतो. जानेवारीत शेतात हुरड्याला गेलो असताना ज्वारीच्या कणसांमागून सूर्य कलत होता. चौकटीच्या अगदी बाहेर सूर्य ठेवला तेव्हा काळ्या रंगांचा राखाडी झाला, आगटीचा धूर आणि फ्लेअर (भिंगांत विखुरलेला उजेड) एकमेकांत मिसळले आणि माझ्या बहिणीची जी चार छायाचित्रे त्या वेळी आली त्यांवर संगणकावर काहीही करावे लागले नाही. याउलट बीबी का मकबऱ्यात भर दुपारी पांढऱ्या संगमरवरावर हीच लेन्स नुसती फिकट, धुवट चित्रे देत राहिली. तिथे आतल्या जाळीसमोर घेतलेली दोन-तीन सोडली तर बाकी सगळी मी पुसून टाकली. साध्या कोटिंगची ही किंमत आहे. लेन्सच्या तोंडाशी कडेचा उजेड अडवणारा ४९ मिमीचा रबरी हूड बसवला की परिणाम बराच आटोक्यात येतो, आणि गरज नसेल तेव्हा तो मागे दुमडून ठेवता येतो.

फोकस हाताने करावा लागतो ही तक्रार मी करणार नाही, पण आकडा सांगून ठेवतो : एक मीटरवर, एफ/२ ला, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. धावणाऱ्या भाच्याची दहापैकी आठ छायाचित्रे वाया जातात. लग्नात फेरे चालू असताना ही लेन्स लावण्याचे धाडस मी एकदाच केले.

मे महिन्यात एकदा पिशवी गाडीच्या डिकीत राहिली आणि संध्याकाळी फोकसचे कडे नेहमीपेक्षा सैल फिरू लागले. आतले ग्रीस पातळ झाले होते आणि पात्यांवरचे तेलही थोडे वाढले. त्यानंतर मी तिला उन्हात सोडलेले नाही. आता पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, आणि दर रविवारी बाहेर काढून तोच टॉर्च तिरपा धरून पाहतो. अजून तरी काच स्वच्छ आहे. ज्युपिटर-९ चा शोधही चालू आहे. गेल्या महिन्यात एक मिळाली होती, पण मागच्या भिंगावर तेच जाळे दिसले.