नसेचं इंजेक्शन म्हणून कंबरेत टोचलं

ऐन ऑक्टोबर छाटणीत आमच्या अण्णांच्या कंबरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ सुरू झाली. खोकला आला तरी ओरडायचे. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकून नस दबल्याचं निघालं. तासगावहून सांगलीला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन कशाला काका? नसेच्या मुळाशी तीन इंजेक्शनं घ्या, गादी जागेवर बसेल. ४५ हजार होतात, आज भरलेत तर ४०." द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन भरले.

अण्णांना साध्या तपासणीच्या टेबलावर पालथं झोपवलं, कंबरेवर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुई टोचली. दोन मिनिटांत काम संपलं. मी त्यांचा हात धरून शेजारीच उभा होतो. मला बाहेर काढलं नाही, शिशाचा एप्रन दिला नाही, कारण खोलीत एक्स-रेचं मशीनच नव्हतं. त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

दोन दिवस बरं वाटलं, मग कळ होती तशी. दुसरं इंजेक्शन घेतलं, तर साखर ३८० वर गेली. अण्णांना डायबेटीस आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं. या इंजेक्शनात स्टेरॉइड असतं, त्यानं साखर चढते; रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही आधी बघाव्या लागतात.

मग मिरजेच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "सी-आर्मचे फोटो कुठायत?" सी-आर्म म्हणजे सुई कुठे जातेय ते तिथल्या तिथे दाखवणारं एक्स-रेचं मशीन. हे इंजेक्शन त्याच्या पडद्यावर बघत देतात. आधी एक्स-रेत दिसणारं औषध (डाय) सोडून सुई नसेपाशीच आहे ना ते पाहतात, मगच स्टेरॉइड. त्यानं नसेची सूज उतरते, गादी जागेवर बसत नाही. आराम पडला तरी काही आठवडे, फार तर काही महिने. म्हणून एकाचा गुण बघून पुढचं ठरवतात, तिन्हींचे पैसे आधी घेत नाहीत. बऱ्याच जणांचं दुखणं गोळ्या-व्यायामानं दीड-दोन महिन्यांत कमी होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मात्र पाऊल उचलेना किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर एक दिवसही थांबायचं नाही.

आमच्या बिलावर 'सी-आर्म चार्जेस' म्हणून ६ हजार लावलेत. फोटो मागितले तर म्हणाले, सेव्ह झाले नाहीत. ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. सांगली-मिरजेत कुणी असं इंजेक्शन घेतलं असेल, तर आजच फाईल उघडून फोटो आहे का बघा, आणि बिल फेकू नका.