जुनी रायफल, जुनी काडतुसे आणि एक चोख तपासणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ली-एनफील्ड नं. ४ रायफल आणि तिच्यासोबतची ०.३०३ इंच कॅलिबरची जुनी लष्करी काडतुसे झाडण्याआधी मी दोन्ही एका परवानाधारक शस्त्र-कारागिराकडे तपासायला दिली. त्याने गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि काडतूस टेकते ती जागा यांमधले अंतर, मोजली आणि ती मर्यादेबाहेर भरल्याने बोल्ट हेड (काडतुसाला मागून टेकणारे बोल्टचे सुटे टोक), जे या रायफलीसाठी ० ते ३ अशा चढत्या मापांत बनत असे, बदलून दिले. बाहेरच्या चकाकीवर भाळणाऱ्यांना हा दोष कधीच दिसला नसता. काडतुसांबाबत तर तो अधिकच काटेकोर निघाला. मानेशी केसासारखी बारीक चीर गेलेली आणि प्रायमरभोवती (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीभोवती) हिरवट गंज चढलेली काडतुसे त्याने भिंगाखाली दाखवून बाजूला काढली. उरलेल्यांपैकी एखादे चाप ओढूनही उडाले नाही, तर बार उशिरा होऊ शकतो, म्हणून नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे. आवाज दबका आला, तर गोळी अडकली नसल्याची खात्री होईपर्यंत पुढचे काडतूस भरू नये. आणि जुन्या प्रायमरमधील क्षार पोलाद खातात, म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे, असे त्याने बजावले. लेखी अहवाल मात्र त्रोटक होता. मोजमापांचे आकडे मागून घ्यावे लागले.