लातुरात सोलर हीटरची गाळसफाई : एका घरपोच सेवेचा अनुभव

लातूरला मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात आम्ही घरी बोअर घेतला आणि पुढे गच्चीवर बसवलेला दोनशे लिटरचा, वीस काचनळ्यांचा सोलर हीटर त्याच बोअरच्या पाण्यावर चालत आला. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त लागतात, ते पाणी वर्षानुवर्षे तापवल्यावर हीटरच्या पोटात काय साठत असेल, हा विचार गेल्या हिवाळ्यात पहाटेचे पाणी कोमट येऊ लागले तेव्हा पुन्हा मनात आला. म्हणून सोलर हीटर साफ करून देणाऱ्या एका दुकानाची घरपोच सेवा मागवली.

ठरलेल्या दिवशी कोणीही आले नाही आणि तसा फोनही आला नाही, हे आधी नमूद करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दोन कारागीर हजर झाले. एवढ्या लवकर येण्याचे कारण विचारल्यावर त्यांच्यातील वडीलधाऱ्याने सांगितले, "काका, रिकाम्या नळीवर ऊन पडलं की ती आत भट्टीसारखी तापते, आणि त्यात गार पाणी गेलं की काच तडकलीच म्हणून समजा." उन्हात ठेवलेली रिकामी नळी दोनशे अंशांच्या वर जाऊ शकते, त्यामुळे ही सावधगिरी योग्यच होती. काढलेली प्रत्येक नळी त्यांनी गोणपाटाखाली झाकून ठेवली.

कामाला हात घालण्यापूर्वी त्यांनी बोअरच्या पाण्याची कठीणता तपासली, आणि ती टीडीएस मीटरने नव्हे. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्रित अंदाज देतो, त्यातील चुना किती हे सांगत नाही, तरीही अनेक विक्रेते तोच आकडा कठीणता म्हणून दाखवतात. येथे छोट्या बाटलीतील पाण्यात रंगद्रव्य टाकून थेंब मोजले गेले आणि लालसर पाणी निळे होताच मोजणी थांबली. आकडा लिटरला ६८० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे, यावरून आमच्या पाण्याची कल्पना यावी.

पहिली नळी उपसली तेव्हा जे दिसले ते सांगण्यासारखे आहे. नळीत साधारण पावणेतीन लिटर पाणी मावते. ते ओतल्यावर शेवटी भिजवलेल्या पिठासारखा, मातकट पांढरा लगदा बाहेर आला आणि त्यात अंड्याच्या टरफलासारख्या खपल्या होत्या. पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होऊन खाली बसते, म्हणजे जुन्या तांब्याच्या बंबात जो थर जमत असे तोच हा. काही नळ्यांत हा लगदा वीतभर उंच साचला होता. नळीतील पाणी तापून वर चढते आणि त्याच्या जागी टाकीतील गार पाणी खाली उतरते, या फिरण्यावरच सगळे यंत्र चालते. तळाशी गाळ बसला की तेवढा भाग निकामी होतो.

अ‍ॅसिडच्या बाबतीत मी आधीच धसका घेतला होता. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या मिस्त्रीने संडास धुण्याचे अ‍ॅसिड टाकीत ओतून अर्ध्या तासात काम उरकले होते आणि पुढे चार महिन्यांत आतली टाकी सांध्यावर पाझरून बदलावी लागली होती. क्लोराइड असलेले अ‍ॅसिड स्टीलला बारीक छिद्रे पाडते. या दोघांनी नळ्या लांब दांड्याच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने धुतल्या, टाकीसाठी सौम्य सल्फॅमिक अ‍ॅसिडचे द्रावण वापरले आणि नंतर खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवून टाकी दोनदा रिकामी केली. टाकीच्या वरची हवेची नळीही त्यांनी तार घालून मोकळी केली. ती चोंदली तर पाणी उपसताना आत पोकळी होऊन टाकी चेपू शकते, हे मला माहीत नव्हते.

एक नळी काढताना फुटली. जुन्या नळीची जबाबदारी ग्राहकाची, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते, त्यामुळे तिचे पैसे देताना माझी तक्रार नव्हती. तक्रार आहे ती गाळाचे पांढरे पाणी सरळ गच्चीच्या उतारावर सोडल्याची, कारण फरशीवरील डाग अजून पूर्ण गेलेले नाहीत. शिवाय बिलात सफाई, नळी आणि वीस रबर रिंगा असा सगळा खर्च एकाच आकड्यात घातला होता.

जाताना त्यांनी, गाळ बसू नये म्हणून पाइपावर बसवायचे चुंबकीय यंत्र घेण्याचा आग्रह धरला आणि येथे त्यांचे माझ्याशी जमले नाही. माझा भाचा इंग्लंडमध्ये राहतो. तेथे घर गरम ठेवण्यासाठी तेच पाणी बंद पाइपांतून आणि रेडिएटरांतून पुन्हा पुन्हा फिरत असते, आतले लोखंड गंजून काळा गाळ होतो आणि तो मॅग्नेटाइट असल्यामुळे चुंबकाच्या गाळणीत अडकतो. आमचा गाळ चुन्याचा आहे, तो चुंबकाला चिकटत नाही, शिवाय रोज नवे जड पाणी आत येते. चुंबकाने चुन्याचा थर बसायचा थांबतो, असा भरवशाचा पुरावा मला मिळालेला नाही. मिठाने धुऊन पुन्हा वापरात येणारा सॉफ्टनर खरोखर चुना काढतो, पण त्याबद्दल त्यांनी स्वतःहून एक शब्दही काढला नाही.

सफाईपूर्वी सकाळी सहाला नळाचे पाणी ४३ अंश होते, चार दिवसांनी तशाच थंडीत ते ५६ भरले. पुढची सफाई दिवाळीनंतर याच दुकानाकडून करून घेणार आहे. गाळाचे पाणी बादल्यांतून खाली नेण्याचे आणि रबर रिंगांची संख्या व दर बिलात वेगळा लिहिण्याचे त्यांनी फोनवर मान्य केले आहे.