शनिवारचा सातचा शो: मल्टिप्लेक्समध्ये अंधार आणि शांतता मिळते का?

पुणे, ठाणे किंवा नाशिकच्या मॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी चौघांनी सिनेमा पाहायचा म्हटलं, की तिकिटं, ऑनलाइन बुकिंगचा जादा आकार, पार्किंग आणि मध्यंतरातलं पॉपकॉर्न धरून दीड-दोन हजार रुपये सहज जातात. पडदा मोठा, खुर्ची मऊ, आवाज चारी बाजूंनी येणारा. याबद्दल बहुतेक मल्टिप्लेक्सना चांगले गुण द्यायला हरकत नाही. पण घरच्या टीव्हीसमोर न मिळणारा पूर्ण अंधार आणि शे-दोनशे माणसांनी मिळून राखलेली शांतता, यासाठीच तर माणूस घराबाहेर पडतो. सुट्टीच्या दिवशी नेमकं तेच मिळत नाही, आणि ते सांभाळणं आपलं काम आहे असं थिएटरवाल्यांना वाटत नाही. बेशिस्त प्रेक्षकांइतकाच आमचा राग या बेफिकिरीवर आहे.

सर्वांत जास्त नुकसान फोनच्या उजेडाने होतं. डिजिटल सिनेमासाठी ठरवलेल्या मानकाप्रमाणे पडद्यावरचा पांढराशुभ्र भाग साधारण ४८ निट (निट हे पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) एवढाच उजळ असतो, आणि रात्रीच्या प्रसंगात पडद्याचा बराचसा भाग त्याहून कितीतरी काळोखा. ब्राइटनेस वर ठेवलेला फोन ४००-५०० निटपर्यंत सहज जातो. पुढच्या रांगेत कुणी व्हॉट्सॲप उघडलं, की पडद्यावरच्या सर्वांत उजळ पांढऱ्याच्याही आठ-दहा पट प्रखर चौकोन नजरेच्या खालच्या कडेला पेटतो. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. ती एका झोताने बिघडते आणि सावलीतला चेहरा किंवा अंधाऱ्या खोलीतली हालचाल पुढची काही मिनिटं नीट दिसत नाही. ‘फक्त वेळ बघितली’ म्हणणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याला त्याचा स्वतःचा फोन खुपत नाही. मागे चढत जाणाऱ्या रांगांमुळे तो मागच्या पाच-सहा रांगांना मात्र दिसतो. फोन खिशात ठेवूनही मनगटावरचं स्मार्टवॉच हात हलला की उजळतं. बऱ्याच घड्याळांत त्यासाठी थिएटर मोड असतो, तो आत शिरतानाच लावावा. व्हायब्रेटवरचा फोन कप ठेवायच्या खोबणीत टाकू नये, तिथलं प्लास्टिक त्याची घरघर वाढवतं.

नायकाच्या एंट्रीला रीलसाठी फोन वर करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार थिएटरमध्ये परवानगीशिवाय पडद्याचं चित्रीकरण करणं, अगदी तसा प्रयत्न करणंही, गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड. आवडत्या क्षणाला शिट्टी आली, टाळ्या पडल्या, तर त्याबद्दल आमची तक्रार नाही. तो सगळ्या हॉलचा एकत्र आनंद असतो आणि काही सेकंदांत ओसरतो. शेजारच्या दोघांचं ऑफिसचं राजकारण तासभर चालतं, त्याचा त्रास वेगळा. साधं बोलणं एक मीटरवरून सुमारे ६० डेसिबल ऐकू येतं, आणि हळू प्रसंगातले संवादही त्याच पट्टीच्या आसपास असतात. मारामारीत बडबड बुडून जाते, पण दोन पात्रं हलक्या आवाजात बोलत असली की प्रत्येक शब्द तिच्यात अडकतो. त्यामुळे याची सर्वांत जास्त झळ मराठी सिनेमाला बसते. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या चित्रपटांचा जीव संवादांत आणि मधल्या थांब्यांत असतो. शिवाय शो मोजके आणि अडनिड्या वेळांचे. एक शनिवार वाया गेला तर पुढच्या आठवड्यात तो सिनेमा जवळपास कुठे सापडेलच असं नाही.

आता थिएटरच्या स्वतःच्या चुका. तिकिटावरची वेळ आणि सिनेमा सुरू होण्याची वेळ यांत जाहिराती आणि ट्रेलर मिळून पंधरा-वीस मिनिटांचं अंतर असतं. हे ठाऊक असलेले लोक मुद्दाम उशिरा येतात, मग सुरुवातीच्या प्रसंगात टॉर्च, ‘जरा पाय घ्या’ आणि चुकीच्या रांगेत बसलेल्यांशी वाद. मुख्य चित्रपट नेमका किती वाजता लागणार हे तिकिटावर छापलं, तर यातला निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. दुसरी चूक जागेवर खाणं आणून देण्याची. क्यूआर कोडवरून मागवलेले नाचोज मध्यंतरानंतर दहा-पंधरा मिनिटांनी येतात. कर्मचारी अंधारात वाकून सीट नंबर विचारतो, बिल दाखवायला मोबाइलचा उजेड पाडतो. मध्यंतर संपल्यावर ही सेवा बंदच ठेवायला हवी. कुरकुरणाऱ्या पाकिटांऐवजी कागदी पुड्यांत खाणं देणंही त्यांच्याच हातात आहे.

लहान मुलांचा दोष नाही. अडीच तास अंधारात मोठ्या आवाजात बसणं त्यांना झेपत नाही. तान्हं बाळ घेऊन येणाऱ्यांनी दाराजवळची, रांगेच्या टोकाची जागा घ्यावी आणि रडू फुटताच बाहेर जावं. बाळाचं खाणं बेताच्या प्रमाणात आत नेता येतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठराखालचं कुणीच चालत नाही. दारावर हे तपासलं जात नसेल तर हटकायला हवं.

जागा निवडताना बहुतेक जण शेवटची रांग आधी पकडतात. मागून लाथ बसत नाही हे खरं, पण तिथून हॉलमधला प्रत्येक पेटलेला फोन दिसतो. फोनचा त्रास पुढच्या रांगांकडून होतो, म्हणून जितकं पुढे बसाल तितके कमी फोन नजरेत येतात. पडद्याच्या रुंदीच्या साधारण दीडपट अंतरावरची, मधोमधची जागा चित्रासाठी उत्तम. आवाज मात्र पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर सर्वांत नेमका बसतो. या दोहोंच्या मधे, आणि पाठीमागे आडवी मोकळी वाट असलेली रांग मिळाली, तर तीच घ्यावी: मागे खुर्ची नाही, म्हणजे गुडघे नाहीत. बुकिंगच्या नकाशात ही वाट रिकाम्या पट्ट्यासारखी दिसते. रविवारी सकाळचा पहिला शो सातच्या शोपेक्षा बराच शांत आणि बहुधा स्वस्तही असतो.

त्रास सुरू झालाच तर एकदा हळू आवाजात ‘फोन ठेवता का प्लीज?’ म्हणावं. दुसऱ्यांदा वाद घालत बसू नये. समोरच्याची रांग आणि सीट नंबर लक्षात ठेवून बाहेर यावं, दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगावं आणि ड्यूटी मॅनेजरला बोलावून घ्यावं. हे पहिल्या वीस मिनिटांतच करावं. मध्यंतरापर्यंत थांबलात तर निम्मा सिनेमा गेलेला असतो. मागणी नेमकी हवी: त्या व्यक्तीला समज द्या, नाहीतर आम्हाला दुसरी जागा किंवा दुसऱ्या शोची तिकिटं द्या. पुरावा म्हणून हॉलमध्ये फोन काढून शूटिंग करू नये. एक तर आणखी उजेड पडतो, त्यात पडदा टिपला गेला तर अडचण आपलीच. तिकीट जपून ठेवावं आणि त्याच रात्री थिएटरला लेखी ईमेल करावा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला तिसरी घंटा कळते. प्रयोगाआधी मोबाइल बंद ठेवण्याची विनंती होते, तरीही फोन वाजतातच. सुबोध भावे यांनी २०१९ मध्ये याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली होती. पण तिथे निदान रंगमंचावरून कुणी बोलू शकतो. पडद्यावरचा नट थांबून प्रेक्षकाला काही म्हणू शकत नाही, म्हणून ती जबाबदारी दारावरच्या माणसाची. जुन्या एकपडदा थिएटरांत डोअरकीपर टॉर्च घेऊन आत फिरायचा आणि गोंधळ करणाऱ्याच्या तोंडावर झोत टाकायचा. आताचा कर्मचारी तिकीट स्कॅन करून निघून जातो.

चित्र आणि आवाजासाठी पाचपैकी चार गुण, प्रेक्षागृह सांभाळण्यासाठी एक. तो एकही जाईल अशी सवय मात्र सगळीकडे दिसते: शेवटची चौकट संपताच दिवे भक्कन लागतात आणि श्रेयनामावली चालू असतानाच झाडू घेऊन माणसं आत येतात. ज्यांनी वर्षभर खपून सिनेमा केला त्यांची नावं त्या तीन-चार मिनिटांत असतात. तेवढा वेळ दिवे मंद ठेवा, साफसफाई त्यानंतर करा.