सोलापुरात बातमीदारी शिकायची: विद्यापीठ, दैनिक की स्वतःचं चॅनेल?

पदवी झाली आहे, बातमीदार व्हायचंय आणि सोलापूर सोडायचं नाही, तर वाटा तीन. केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापनाचं दोन वर्षांचं एम.ए., एखाद्या स्थानिक दैनिकात उमेदवारी, नाहीतर मोबाइल घेऊन थेट यूट्यूब. फी आणि पगाराच्या आधी मी एक गोष्ट बघेन: आपली बातमी खोडून दुरुस्त करणारं माणूस तिथे आहे का?

दैनिकात ते रोज समोर बसलेलं असतं. उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात मी मार्केट यार्डातून कांद्याची बातमी आणली आणि मथळ्यात त्या दिवशीचा सर्वांत वरचा भाव टाकला. उपसंपादकांनी विचारलं, "हा भाव किती पिशव्यांना मिळाला? किमान किती, सर्वसाधारण किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरचा भाव निवडक मालालाच लागतो. बहुतेक शेतकऱ्यांच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, पडते ती त्याच्या बरीच खाली. मथळा वाचून कुणी दुसऱ्या दिवशी भाड्याचा टेम्पो भरून आणला असता, तर? कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे मला पाठ होतं. 'किती जणांना' हे मी त्या टेबलापाशी शिकले.

दैनिकात मानधन मात्र तुटपुंजं, आणि काही ठिकाणी नव्या मुलांच्या गळ्यात जाहिरातींचं टार्गेट मारतात. रुजू होण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्या.

विद्यापीठाचं बळ कायद्यात आणि शिस्तीत आहे. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत बालकाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ तसं सांगतं. घाईच्या डेस्कवर हे समजावायला कुणाला वेळ नसतो. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील कुठे करायचं, हेही वर्गात निवांत शिकता येतं. पण रात्री पान छपाईला सोडण्याची घाई वर्गात अनुभवायला मिळत नाही.

स्वतःच्या चॅनेलमुळे शूटिंग आणि एडिटिंगला हात बसतो. चूक दाखवणारं कुणी नसतं, म्हणून सुरुवात तिथून नको.

तिन्हीकडे न मिळणारी एक गोष्ट: पूर्व भागात विडी कामगार बायकांशी बोलायचं, तर थोडी तेलुगू हवी. ती त्यांच्या ओसरीवर बसूनच येते.

घरून दोन वर्षांचं पाठबळ असेल तर दिवसा विद्यापीठ, संध्याकाळी दैनिक. एकच जमणार असेल तर दैनिक घ्या आणि कायद्याचं वाचन घरी करा. भेटायला जाताना स्वतः फिरून लिहिलेल्या तीन बातम्या सोबत न्या, आणि "माझी कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, कोण बघणार?" एवढं विचारा. समोरून एखादं नाव आलं, तर दुसऱ्या दिवसापासून जायला लागा.